दुधाची नव्हती ती दाढ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला मुलांच्या दातांवरचा लेख वाचला आणि फार वाईट वाटलं. पूर्वी राखुंडी होती, मंजन होतं, कडुनिंबाची काडी होती म्हणून म्हातारी माणसंही दाताने ऊस सोलायची, आणि हल्लीच्या आया मुलांच्या हातात मोबाइल देऊन मोकळ्या होतात, असा त्याचा सूर. हे लेखकाने कोणाच्या घरी पाहिलं? आमच्या कळव्याच्या चाळीत सकाळी घरोघरी तव्यावर मशेरी भाजल्याचा खाट उठायचा. बायका तीच दातांना लावायच्या, दिवसातून चार-चार वेळा लावायच्या, कारण ती तंबाखूच आणि तिची तलफ यायची. माझ्या आईच्या हिरड्या सुटल्या, पंचेचाळिशीत पुढचे दात गेले. त्यानंतर जन्मभर तिने भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली. दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारने १९९२ साली बंदी केली, पण घरच्या तव्यावरच्या मशेरीला कोण अडवणार होतं?

आता आयांविषयी. माझी सून ऐरोलीला नोकरी करते, सकाळी आठला घर सोडते, तरी रोज रात्री मुलाचे दात स्वतः घासते. गेल्या वर्षी नातवाच्या शाळेत दातांची तपासणी झाली आणि घरी चिठ्ठी आली, ‘कीड आहे, उपचार घ्यावेत.’ कोणता दात, वरचा की खालचा, काही लिहिलेलं नाही. टॉर्च लावून पाहिलं तर खाली उजवीकडे, अगदी मागच्या दाढेवर काळा ठिपका. मी म्हटलं, दुधाची आहे, पडेल. घरात सगळ्यांना ते पटलं. सात वर्षांच्या मुलाच्या दाढेला आणखी काय म्हणणार?

दिवाळीनंतर एका रात्री दोन वाजता पोर गाल धरून रडत उठलं. सकाळी गोखले रोडला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, “आजी, ही दुधाची नाही. ही आता जन्मभराची.” दुधाचे दात वीस. त्यांच्या मागे, सहाव्या वर्षाच्या सुमारास, पहिली कायमची दाढ येते. तिच्या जागी आधी काहीच नसतं, त्यामुळे कोणताही दात न पडता ती गुपचूप उगवते. त्याच वर्षी नातवाचा पुढचा दात पडला होता. त्याचे आम्ही फोटो काढले, तो तुळशीत पुरला, गावाला फोन केले. मागे दाढ आली ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही. कीड नसापर्यंत गेली होती आणि मुळं अजून पुरती तयार झालेली नव्हती, म्हणून उपचार लांबले. सहा खेपा झाल्या. दाढ नवी असतानाच तिच्या खाचा सीलंटने बुजवून घेता येतात, हेही तिथेच कळलं. दात घासून झाल्यावर झोपताना साखर घातलेलं दूध मीच देत होते. झोपेत तोंडात लाळ कमी सुटते, दातांवर राहिलेली साखर धुतली जात नाही, हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं.

शाळेच्या त्या चिठ्ठीत ‘उजवीकडची खालची दाढ, कायमची’ एवढे चार शब्द असते तर पोराचे हाल वाचले असते. तपासायला आलेल्यांना ते दिसलं नसेल, असं मी मानत नाही.

आणखी एक. लेखासोबतच्या फोटोतल्या चिमुरडीच्या ब्रशवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पेस्ट आहे. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरते. लहान मुलं पेस्ट गिळतात, म्हणून हे माप. हजारो घरांत जाणारा फोटो छापण्याआधी एखाद्या दंतवैद्याला दाखवायला हवा होता.

पुढच्या मंगळवारी त्याच जागी लहान मुलाच्या उघड्या तोंडाचं एक साधं चित्र छापा आणि त्या मागच्या दाढेवर बाण दाखवा. मी ते कापून आमच्या सोसायटीच्या फलकावर लावीन.

आपली,
एक आजी, नौपाडा, ठाणे (प.)