विषय : बॅटरी उतरवणारा अलार्म काढून गाडीचं मूळ वायरिंग पूर्ववत करून देण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज सकाळी तुमच्या हेल्पलाइनवरच्या माणसाने मी बोलत असताना फोन ठेवून दिला, म्हणून हे पत्र लिहिते आहे. हेल्पलाइनवर आता मला कुणाशीही बोलायचं नाही. ज्याला निर्णय घेण्याचा अधिकार आहे त्यानेच हे वाचावं.

तुमच्या अधिकृत डीलरने माझ्या गाडीला अलार्म बसवल्यापासून गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की सेल्फ लागत नाही. चावी फिरवली की नुसतं टक टक. बॅटरी नवी आहे. बॅटरीवाल्याने लोड टेस्ट करून ती चांगली असल्याचं लिहून दिलं आहे. इंजिन चालू असताना चार्जिंग १४.२ व्होल्ट येतं, म्हणजे अल्टरनेटरही ठीक. तरी तुमच्या लोकांचं एकच, 'बॅटरी बदलून बघा.' कशाला बदलू?

आमच्या इथल्या ऑटो इलेक्ट्रिशियनने माझ्यासमोर मोजमाप केलं. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली, मध्ये मल्टिमीटर जोडला, दारं लॉक करून अलार्म चालू केला आणि गाडीतलं बाकी सगळं शांत व्हावं म्हणून अर्धा तास थांबलो. मीटरवर ०.३८ अँपिअर. गाडी बंद असताना ०.०५ पर्यंत करंट जाणं चालतं. मग त्याने तुमच्या अलार्मच्या लाल वायरवरचा फ्यूज काढला आणि आकडा ०.०३ वर आला. यापेक्षा वेगळा पुरावा काय हवा? ०.३८ म्हणजे दिवसाला ९ अँपिअर-अवरच्या वर. माझी बॅटरी ३५ अँपिअर-अवरची आहे. चौथ्या दिवशी तिच्यात काही उरणारच नाही, आणि सेल्फ तर त्याच्या कितीतरी आधी बंद पडणार. उभ्या गाडीची राखण करायला घेतलेली वस्तू गाडी उभी राहिली की तिलाच निकामी करते.

हे आकडे घेऊन मी हेल्पलाइनला फोन केला. तेव्हा जे झालं ते शब्द न शब्द लिहिते, कारण तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतात असं दर वेळी सुरुवातीलाच ऐकवलं जातं. काढा ते रेकॉर्डिंग आणि ऐका. मी म्हटलं, अलार्म आर्म, म्हणजे पहाऱ्यावर चालू, असताना ०.३८ अँपिअर जातोय. तो म्हणाला, 'मॅडम, घरात कोणी जेन्ट्स आहेत का? त्यांना फोन द्या.' मी विचारलं, कशासाठी? तर म्हणे, 'टेक्निकल गोष्ट आहे, त्यांना नीट समजावता येईल.' गाडी माझ्या नावावर, बिल माझ्या नावावर, पैसे माझ्या खात्यातून गेलेले, मीटरवरचा आकडा मी स्वतः वाचलेला. मी तो आकडा पुन्हा सांगितला. त्यावर तो म्हणाला, 'करंट जातोय म्हणजे अलार्म काम करतोय ना, मॅडम. गाडी रोज अर्धा तास चालवत जा.' मी म्हटलं, तुमच्या यंत्रासाठी मी रोज पेट्रोल जाळायचं का? तेव्हा पुन्हा तेच, 'सर घरी कधी येतील?' माझे यजमान कामानिमित्त बाहेरगावी असतात आणि त्यांना गाडी चालवताही येत नाही. हे त्याला सांगायची माझ्यावर वेळ यावी, याचाच मला संताप येतो. ज्या कंपनीच्या जाहिरातीत बाईच्या हातात रिमोट दाखवलेला असतो, तिच्या माणसाला बाईशी वायरिंगबद्दल बोलता येत नाही?

शेवटी मी म्हटलं, मला दुरुस्ती नको, बदलून नको, हा अलार्म काढून द्या. तर उत्तर काय, 'काढायचा चार्ज वेगळा पडेल, आणि नंतर गाडी चोरीला गेली तर कंपनी जबाबदार नाही असं लिहून द्यावं लागेल.' वायरिंगचा नकाशा मागितला, तर तो देता येत नाही म्हणे. डीलर म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते डीलरकडे जा.

बाहेरच्या माणसाकडून काढून घेणं का अवघड आहे हे तुम्हाला माहीत आहे, कारण ते तुम्हीच केलं आहे. तुमच्या फिटरने स्टार्टरची वायर कापून मध्ये रिले, म्हणजे अलार्मच्या हुकमावर चालणारा स्विच, टाकला आहे. नुसती अलार्मची पेटी उपटली तर गाडी जागची हलणार नाही. इंडिकेटर आणि दाराच्या स्विचच्या वायरी सोलून त्यांना पीळ मारून जोड दिले आहेत, वर इन्सुलेशन टेप. स्टीअरिंगखालचं कव्हर उघडलं तेव्हा ती टेप उन्हाने चिकट होऊन सुटलेली होती आणि एका जोडाचं तांबं उघडं पडलं होतं. सगळ्या जोडणीला एकाच रंगाची वायर. शिवाय सायरनमध्ये स्वतःची छोटी बॅटरी असते आणि तो बंद करायला एक बारकी चावी लागते, ती मला कधी मिळालीच नाही. बॅटरीची वायर सोडवताच तो सायरन असा बोंबलायला लागला की संध्याकाळच्या वेळी अख्खी सोसायटी गॅलरीत आली. मीटर जोडून सप्लाय परत मिळाला तेव्हा कुठे तो गप्प झाला. चावी मागितली, तर 'स्टॉकमध्ये नाही.'

सासूबाईंना फिजिओथेरपीला न्यायचं असतं. गाडी उभी ठेवताना बॅटरीची वायर काढून ठेवावी तर सायरन, न काढावी तर दोन-तीन दिवसांनी शेजाऱ्यांना धक्का मारायला बोलवायचं. माझ्या दिरांच्या गाडीलाही माझ्याच सांगण्यावरून तुमचा अलार्म बसवला आहे. आता त्यांना काय तोंड दाखवू?

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत तुमचा तंत्रज्ञ घरी पाठवा. त्याने पेटी, सायरन, शॉक सेन्सर आणि रिले काढावा, स्टार्टरची वायर सोल्डर करून स्लीव्ह घालून जोडावी आणि काम पूर्ण झाल्याचं सही-शिक्क्यासह लिहून द्यावं. मी एक पैसाही देणार नाही. अलार्मची पूर्ण किंमत बिलाप्रमाणे परत हवी. सारखी उतरून उतरून बॅटरीचं आयुष्य कमी झालं आहे, त्याची भरपाई हवी. आणि 'जेन्ट्सना फोन द्या' म्हणणाऱ्याच्या वरिष्ठाने माझी लेखी माफी मागावी. ही शेवटची मागणी मी सोडणार नाही.

हे झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार जाईल आणि त्यानंतर ग्राहक आयोगात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मी राहते त्या जिल्ह्यातच दावा दाखल करता येतो. तुमचं मुख्य कार्यालय दुसऱ्या राज्यात असल्याने माझं काही अडत नाही. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही लागत नाही. मी स्वतः उभी राहीन. मीटरवरच्या आकड्याचे फोटो, बॅटरीवाल्याचा कागद आणि उघड्या जोडाचे फोटो तारखेसह ठेवले आहेत. प्रती सोबत जोडल्या आहेत.

तंत्रज्ञ पाठवण्याआधी फोन करा, आणि फोन माझ्याच नंबरवर करा. येताना सायरनची चावी घेऊन या.

तक्रारदार ग्राहक,
नाशिक रोड

सोबत : बिलाची प्रत, लोड टेस्टचा कागद, फोटो