खोटी ओरड बंद करून दिल्याबद्दल

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे लाइन गेली की लिनक्स सर्व्हर, म्हणजे केंद्राचा मुख्य संगणक, इन्व्हर्टरवर चालू राहतो, मोडेम आणि स्विच मात्र बंद पडतात. लाइन आली की केबलवर लिंक येते आणि नेटवर्कची स्क्रिप्ट (ओळीने आज्ञा देणारा छोटा प्रोग्रॅम) पुन्हा चालते. दर वेळी पडद्यावर तीच ओळ: ‘आरटीनेटलिंक आन्सर्स: फाइल एक्झिस्ट्स’, आणि खाली ‘नेटवर्क सुरू झाले नाही’. नेट तर चालूच असायचे! पण ते वाचून कुणीतरी सर्व्हरचा प्लग ओढायचे आणि सातबारा काढायला आलेले कास्तकार बाकावर ताटकळायचे.

‘फाइल’ या शब्दाने आम्ही सेटिंग्जचे ‘ईटीसी’ फोल्डर पालथे घातले. तुम्ही सांगितले, इथे फाइलचा काही संबंध नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, फक्त १७ क्रमांकाची चूक परत पाठवतो, म्हणजे ‘हे आधीच आहे’. त्या क्रमांकाचे ठरलेले वाक्य फाइलींच्या कामातून आलेले, तेच सगळीकडे छापले जाते. लिंक गेली तरी इंटरफेसवरचा, म्हणजे नेटवर्क कार्डाला दिलेला, आयपी पत्ता जात नाही. म्हणून ‘आयपी अॅडर अॅड १९२.१६८.१०.१/२४ डेव्ह ईटीएच१’ ही पत्ता जोडायची आज्ञा दुसऱ्यांदा चालली की नाकारली जाते, आणि स्क्रिप्ट तिथेच हार मानते. नेमकी ओळ तुम्ही स्क्रिप्ट चालवणाऱ्या ‘एसएच’ला ‘वजा एक्स’ (चालणारी प्रत्येक ओळ छापणारा पर्याय) लावून दोन मिनिटांत दाखवलीत.

आम्ही चुकांचा मजकूर डेव्ह-नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या कचराकुंडीत, टाकून मोकळे होणार होतो. तुम्ही अडवलेत, याचे आभार सगळ्यात जास्त. कर्नलने नाकारले की आयपी आज्ञेचा एक्झिट कोड (संपताना ती देते तो आकडा, ० म्हणजे यश) २ येतो, मग पत्ता आधीच असो की नाकारण्याचे कारण दुसरेच असो. तोंड दाबले असते तर खरा बिघाडही मुका झाला असता. ‘फ्लश’, म्हणजे आधी सगळे पत्ते पुसणे, हेही नको म्हणालात: दुरून एसएसएचने काम करताना पत्ता पुसला की आपलेच कनेक्शन तुटते.

उपाय एका शब्दाचा निघाला. पत्त्याच्या आणि डीफॉल्ट रूटच्या (बाहेरच्या नेटकडे जाणाऱ्या मुख्य वाटेच्या), दोन्ही ओळींत ‘अॅड’च्या जागी ‘रिप्लेस’. नसेल तर घालतो, असेल तर कुरकुर न करता तसाच ठेवतो.

पण ‘रिप्लेस’ जुना कचरा उचलत नाही, हे तुम्ही बजावले नसते तर आम्ही फसलो असतो. कधीतरी /२४ लिहायचे राहून गेले होते, त्यामुळे तोच पत्ता /३२ म्हणूनही बसला होता. मास्क (पत्त्यामागचा हा तिरक्या रेघेचा आकडा) वेगळा म्हणजे कर्नलसाठी नोंदच वेगळी. ती ‘आयपी अॅडर डेल’ने हातानेच काढावी लागली. रूटचेही तसेच. मेट्रिक (वाटेचा प्राधान्यक्रम) वेगळा असेल तर दोन डीफॉल्ट रूट राहतात, म्हणून ‘आयपी रूट शो डीफॉल्ट’ करून एकच ओळ येते ना, हे आता बघतो.

तुम्ही सांगितलेली तपासणीही भिंतीवर लावली आहे: स्क्रिप्ट लागोपाठ दोनदा चालवायची, दोन्ही वेळा कोड ० आला पाहिजे. मग तिच्या एका प्रतीत इंटरफेसचे नाव मुद्दाम चुकवून तीही चालवायची. तिथे ‘कॅनॉट फाइंड डिव्हाइस’ अशी ओरड झालीच पाहिजे. काल सांजेला दोनदा लाइन गेली. पडदा कोरा, नेट चालू, प्लगला कुणी हात लावला नाही.

आपले ऋणी,
गावच्या संगणक केंद्रातली मंडळी
तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ