बाबांच्या सी किंगची शेपटी जोडून देणाऱ्या घड्याळवाल्या काकांना

आदरणीय काका,
शि. सा. न.

गिरगावात जिन्याखाली तुमचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, एवढंच इथे लिहिते. नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही. हेलिकॉप्टरचं मॉडेल न्यायला आले त्या दिवशी पैशांचं विचारलं, तर "अराल्डाइटचे साठ रुपये द्या" म्हणालात आणि डोळ्याला परत भिंग लावलंत. धड आभारही मानू दिले नाहीत. म्हणून हे पत्र, चार लोकांदेखत.

माझे बाबा नौदलात बावीस वर्षं होते आणि त्यातली बहुतेक वर्षं सी किंग हेलिकॉप्टरच्या देखभालीत गेली. काही काळ विराट या विमानवाहू जहाजावर, बाकी कुलाब्याला. तिथल्या तळाचं नाव 2009 मध्ये आयएनएस शिक्रा झालं, पण बाबा अजूनही कुंजलीच म्हणतात. तुमच्याकडे आणलं ते डायकास्ट मॉडेल माझ्या आतेभावाने त्यांच्यासाठी इंग्लंडहून आणलं होतं. प्रमाण 1:72. खऱ्या सी किंगच्या वरच्या पंख्याचा व्यास 18.9 मीटर, मॉडेलचा सव्वीस सेंटीमीटर. रंग ब्रिटिश नौदलाचा होता, तरी बाबांना त्याचं काही वाटलं नाही. "ही येओव्हिलला वेस्टलँडच्या कारखान्यात तयार व्हायची, आपलीही तिथूनच आली," असं म्हणून त्यांनी ते तळहातावर घेतलं होतं. धातूचं असल्यामुळे हाताला गार आणि जड लागतं. बाबांना तेच आवडलं. प्लास्टिकचं हातात घेतल्यासारखं वाटत नाही, म्हणायचे.

गेल्या वर्षी आम्ही घर बदललं. सामान हलवताना एक खोका जिन्यात पडला. उघडला तेव्हा शेपटी तुटून वेगळी झाली होती, शेपटीवरचा छोटा पंखा नाहीसा झाला होता आणि वरच्या पाचातलं एक पातं अर्ध्यावर मोडलं होतं. बाबा काही बोलले नाहीत. त्यांच्या उजव्या हाताला दोन वर्षांपासून कंप आहे, त्यामुळे स्वतः जोडणं शक्य नव्हतं. त्यांनी तुकडे रुमालात बांधून कपाटात ठेवले. मी तीन दुकानं फिरले. सगळीकडे एकच उत्तर मिळालं, याचे पार्ट मिळत नाहीत, नवीन घ्या.

काका, "पार्ट मिळत नाहीत" हे वाक्य आमच्या घरात फार जुनं आहे. मे 1998 मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि अमेरिकेने निर्बंध घातले. सी किंग बांधली ब्रिटनने, पण मूळ रचना अमेरिकेच्या सिकॉर्स्कीची. सुटे भाग अडकले आणि कितीतरी सी किंग उडायची थांबली. मी तेव्हा शाळेत होते. बाबा रात्री उशिरा यायचे, साबणाने कोपरापर्यंत हात घासत बसायचे आणि आईने विचारलं की एवढंच सांगायचे, "आज एकीचं काढून दुसरीला लावलं." उडणाऱ्या एका मशीनसाठी दुसरं उघडं करून ठेवायचं, हे त्या माणसाला किती लागत असेल, ते मला तुमच्या दुकानात उभी असताना कळलं. बाबांनी कपाटातला रुमाल पुन्हा का उघडला नाही, तेही तिथेच कळलं.

तुम्ही नवीन घ्या म्हणाला नाहीत. तुकडे पांढऱ्या कागदावर मांडलेत, तुटलेली कड भिंगातून पाहिलीत आणि म्हणालात, "हे जस्ताचं ओतीव काम आहे. ज्योत लावली तर टाका बसायच्या आत हेच पाघळेल." नंतर मी वाचलं, हा मिश्रधातू चारशे अंशांच्या आतच वितळतो. म्हणजे जोडायला गेलो असतो आणि उरलंसुरलंही गेलं असतं. घाईघाईत गॅसवर जोडून देतो म्हणणारा कोणी मला आधी भेटला नाही, हे आमचं नशीब.

मग तुम्ही बाबांशी बोलायचं म्हणालात. मी फोन लावून दिला. तुम्ही दोघं वीस मिनिटं बोललात आणि मला त्यातलं निम्मंही कळलं नाही. पण एक ऐकलं. शेपटी नेमकी कुठे तुटलीय ते तुम्ही सांगितलंत आणि बाबा म्हणाले, "अहो, खरी शेपटी तिथेच दुमडते." जहाजावर जागा कमी, म्हणून सी किंगची पाती मागे दुमडतात आणि शेपटी बाजूला वळते, तेव्हा कुठे ती हँगरमध्ये मावते. मॉडेलची शेपटी मुळात एकसंध होती. फोन ठेवल्यावर तुम्ही खणातून चष्म्याची एक जुनी काडी काढलीत आणि तिची बिजागरी नखाएवढ्या पक्कडीने सोडवायला लागलात. मी विचारलं, हे कशाला? "दुमडते म्हणाले ना," एवढंच म्हणालात.

शेपटीवरच्या पंख्याची गोष्ट तर मी प्रत्येकाला सांगते. गजराच्या जुन्या घड्याळातल्या पितळी पट्टीतून तुम्ही पाती कापलीत, घासून कडेला पातळ केलीत आणि मधल्या चकतीवर बसवलीत. मी घरी नेऊन बाबांच्या हातात दिला. त्यांनी कंप असलेल्या बोटानेच एकेक पातं मोजलं. पाच. मग दुसऱ्यांदा मोजलं आणि हळूच म्हणाले, "मागे सहा असतात." वर पाच आणि मागे सहा. अगदी सुरुवातीच्या सी किंगना मागेही पाच होती, नंतरच्यांना सहा झाली, आणि बाबांनी ज्यांवर हात काळे केले त्या 42 बी प्रकारच्या सी किंगना सहाच. मला तुम्हाला सांगायची लाज वाटत होती, कारण तुमचे दोन दिवस त्यात गेले होते. तुम्ही ऐकलंत, पाच पात्यांचा पंखा बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "त्यांनी मोजलं ते बरं केलं." चार दिवसांनी सहा पात्यांचा तयार होता. त्याला घड्याळाच्या चाकाचा आस आहे. फुंकर मारली की फिरतो. मूळ मॉडेलमध्येही तो इतका हलका फिरत नव्हता.

शेपटी आता बिजागरीवर आहे, ती बिजागरी आत एक मिलिमीटरचा स्टीलचा खिळा घालून अराल्डाइटने पक्की केलेली. सांध्याची रेघ जवळून पाहिली तर दिसते. तुम्ही तिथे रंग लावून देऊ का विचारलंत आणि बाबांनी नको सांगितलं. दुरुस्ती दिसली पाहिजे, म्हणजे पुढचा माणूस आधी तिथे बघतो, हे त्यांचं म्हणणं.

2021 मध्ये तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रातल्या बार्जवरून माणसांना उचलून आणणारी सी किंग टीव्हीवर दाखवत होते. तेव्हा बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले होते आणि बातमी संपेपर्यंत बसले नाहीत. तुमचं काम मी टेबलावर ठेवलं, त्या दिवशीही ते तसेच उभे राहिले. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.

आता रोज रात्री झोपायच्या आधी ते शेपटी दुमडतात आणि सकाळी चहाच्या आधी उघडतात. हात थरथरतो, म्हणून दुमडायला दोन-तीन मिनिटं लागतात. आम्ही कोणी मदत करत नाही, त्यांना ती नको असते. परवा त्यांनी तुमच्यासाठी निरोप दिलाय. समुद्रावरून आलेलं मशीन गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय ते कधी घरी आले नाहीत, तेव्हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने अगदी सरळ आहे. मागच्या पंख्याला तेलाचा थेंब किती महिन्यांनी घालायचा आणि घड्याळाचंच तेल चालेल का?

शनिवारी दुकानात येते. बाबांचं एचएमटी पण घेऊन येते, ते रोज पाच मिनिटं मागे पडतंय.

तुमची,
सी किंगवाल्यांची मुलगी