चेहरा शेवटी

प्रिय मित्रा,

तुझी कविता वाचली, एकदा मोठ्यानेही. चेहरा चंद्र, डोळे कमळ, बोटं चाफेकळ्या आणि शेवटी ‘देह हेच मंदिर’. चंद्र, कमळ, चाफा काढून घेतले की त्या कवितेत माणूस उरत नाही.

तुकोबांचा ‘सुंदर तें ध्यान उभे विटेवरी’ हा अभंग पुन्हा काढ. देव्हाऱ्यातल्यासारखा नको वाचूस, अक्षरं मोजत वाच. मोठ्या अभंगाचं माप सहा-सहा-सहा-चार, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला: विटेवरी, कटावरी. या २२ अक्षरांत एकही उपमा नाही. वर्णनाचं विशेषण म्हणावं असं एकच, ‘सुंदर’. मूर्ती उभी राहते ती ‘वरी’ या एवढ्याशा शब्दावर आणि पुढे सप्तमीवर: गळां, कासे, श्रवणीं, कंठीं. काय कुठे आहे एवढंच तुकोबा सांगतात. सहा अक्षरांच्या खोलीत पाहुण्या उपमेला जागाच नाही.

क्रमही बघ. जुना टीकाकार मल्लिनाथ याने कालिदासाच्या कुमारसंभवाच्या टीकेत संकेत नोंदवलाय: माणसाचं वर्णन डोक्यापासून, देवाचं पायांपासून. तुकोबा विटेपासूनच सुरू करतात, पण शिडी चढल्यासारखे नाही. कमरेवरचे हात, मग गळा, परत कास म्हणजे कंबर, मग कान, कंठ. नजर खरंच अशी फिरते. श्रीमुख येतं शेवटच्या ओळीत, तेही ‘पाहीन’ म्हणून, आणि ते कसं आहे हे सांगितलेलंच नाही. तू पहिल्याच ओळीत चेहरा खर्च केलास, म्हणून तिसऱ्या कडव्यापासून कविता पाय ओढते.

आता मंदिर. बाराव्या शतकात शिवभक्त कवी बसवण्णांनी हीच कल्पना कन्नड वचनात, म्हणजे छोट्या मुक्त कवितेत, मांडली: पाय खांब, देह देऊळ, शिर सोन्याचा कळस. त्यांची तगते, कारण आधी भांडण आहे. धनवंत शिवालयं बांधतील, मी गरीब, मी काय करू? आणि शेवटी निवाडा: स्थावराला, म्हणजे उभ्या बांधकामाला, नाश आहे; जंगमाला, म्हणजे चालत्या-फिरत्याला, नाही. भांडण काढलंस की उरतं ते कॅलेंडरवरचं चित्र. एकनाथांची ‘काया ही पंढरी’ फार गोड, पण तिथे भक्ती भीमा होते आणि दया-क्षमा-शांती वाळवंट. हात, पाय, पोट कुठेच नाहीत. तुझ्या कामाला बसवण्णा जवळचे.

सगळ्यांत अवघड जागा सोयराबाईंनी गाठली. ‘देहासी विटाळ म्हणती सकळ’ म्हणून सुरुवात, आणि मग ‘देहींचा विटाळ देहींच जन्मला । सोवळा तो झाला कवण धर्म’. चोखोबांच्या घरातली ही बाई, देवळाचं दार जातीमुळे बंद. विटाळ म्हणजे शिवाशीव आणि विटाळ म्हणजे बाईची पाळीही. दोन्ही अर्थ एका शब्दात कोंबून ती विचारते, विटाळावाचून कुठला देह घडला? उत्पत्तीचं स्थान हे शब्द ती झाकत नाही. तुझी कविता मात्र गळ्यावरून थेट पैंजणावर उडी मारते. मधला देह ओवळा वाटला का रे? अमेरिकन कवी व्हिटमनने देहाची टाचेपर्यंत यादी केल्यावर आत शिरून फुप्फुसं, जठर, आतडीही मोजली. यादी लांबते, मान्य; पण काही वगळलं नाही म्हणूनच ती पूजा वाटते.

दुरुस्ती हातांपासून कर. ‘चाफेकळ्या’ खोड आणि ते हात काय करतात ते एका क्रियापदात लिही. बहिणाबाईंची ‘आधी हाताले चटके’ आठव: हात गोरा, काळा, नाजूक काहीच सांगितलेलं नाही, आणि तरी तो दिसतो, पोळतो. मग प्रत्येक ओळीला विचार, हा अवयव कशावर टेकलाय, कशाला लागलाय? उत्तर नसेल तर ओळ काढ. कडव्यात एकच उपमा ठेव, तीही घरातली. ‘पवित्र’ हा शब्द कवितेत दोनदा आलाय, दोन्ही काढ. सोयराबाईंना ‘निर्मळ’ म्हणता आलं, कारण समोर ‘विटाळ’ उभा होता. तुझ्या कवितेत समोर कोण आहे, ते आधी ठरव.

अक्षरं बोटांवर मोज, मोबाईलवर नको. जोडाक्षर एकच धरायचं. पाच कडवी पुरेत. नवा खर्डा आला की पोटाची ओळ आधी शोधीन.

तुझा,
जुना वाचक