लिंबूपाण्याचं उत्तर

सातारा, बुधवार

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

चिवड्याच्या डब्याखाली हे पाकीट ठेवलंय. आधी डबा संपेल आणि मग पाकीट सापडेल, हे मला माहीत आहे. हरकत नाही. फक्त वाचताना खोलीत एकटा अस.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी नऊ नंबरच्या कॉटला सलाईन लावत होते. "आई, समजा एखाद्याला जास्त झाली, तर लिंबूपाणी द्यायचं ना?" मी विचारलं, "शुद्धीवर आहे का?" तू म्हणालास, "अगं, असंच विचारतोय." मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. ड्यूटी संपल्यावर मी फोन केला तर तू मेसमध्ये होतास आणि बोलणं गणिताच्या एम-थ्री पेपरवर गेलं.

तो 'एखादा' कोण, हे मी विचारणार नाही. विचारलं तर पुढचा फोन येणार नाही, आणि मला तो यायला हवाय.

लिंबूपाण्याने काही होत नाही. ताकाने, दह्याने, काळ्या कॉफीनेही नाही. गार पाण्याखाली बसवलं की माणूस जागा झाल्यासारखा वाटतो, पण अंग आणखी गार पडतं. रक्तातली दारू उतरवायचं काम मुख्यतः यकृताचं, आणि त्याला घाई करता येत नाही. तासाला साधारण ३० मिलिलिटरचा एक लहान पेग, एवढाच त्याचा वेग. क्वार्टर १८० मिलिलिटरची, म्हणजे निदान सहा तास. "आम्ही फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांनाही सांग, ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली म्हणजे तसले चार पेग. हा हिशेब खरं तर तुम्ही इंजिनिअरिंगच्या पोरांनी मांडायचा, पण तो आम्हाला मांडावा लागतो, तोही रात्री दोन वाजता.

आणखी एक गोष्ट पोरांच्या लक्षात येत नाही. ग्लास खाली ठेवला तरी पोटातली दारू रक्तात उतरतच असते. म्हणून अकरा वाजता बडबडणारा बारा वाजता घोरायला लागतो आणि सगळे म्हणतात, "झोपला बाबा एकदाचा."

असाच झोपलेला एक मुलगा तीन वर्षांपूर्वी पहाटे चार वाजता आमच्याकडे आणला होता. गॅदरिंगचे दिवस. चार पोरांनी रिक्षातून उचलून स्ट्रेचरवर टाकला. शर्ट भिजलेला, कॉलरला लिंबाची बी चिकटलेली, ओठांवर मीठ. कुणीतरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला बघितलं होतं. (बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतायचं नसतं. पाणीसुद्धा.) उताण्या झोपेत त्याला उलटी झाली आणि ती फुप्फुसात गेली. पोरं साडेबारापासून त्याच्या उशाशी बसून होती. त्यांना काळजी नव्हती असं कोण म्हणेल? पण रेक्टरना कळेल, घरी फोन जाईल, हॉस्टेल सुटेल, पोलीस येतील, यावर साडेतीन तास खल चालला होता.

त्यातला एक बारीकसा, चष्मेवाला मुलगा त्याची एकच चप्पल हातात धरून उभा होता. दुसरी रिक्षात राहिली असावी. नवव्या दिवशी तो आणलेला मुलगा आयसीयूत दगावला, तेव्हाही हा चष्मेवाला बाहेरच्या बाकावर होता. मला म्हणाला, "सिस्टर, आमच्याकडून आणायला उशीर झाला का?"

मी म्हटलं, "नाही रे बाळा."

खोटं बोलले. उशीर झाला होता. एक वाजता आणला असता तर कुशीवर वळवला असता, साखर तपासून सलाईन लावलं असतं, रात्रभर श्वासावर नजर ठेवली असती आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चार शिव्या देऊन घरी पाठवला असता. असे कितीतरी पाठवतो आम्ही.

तेव्हा आता नीट वाच. जास्त झालेल्याला एकटं सोडायचं नाही. त्याला कुशीवर झोपवायचं, वरचा गुडघा पुढे दुमडून, तोंड जरा खालच्या बाजूला, म्हणजे उलटी झाली तरी बाहेर पडते. पाठीला तुमची ती जाडजूड सॅक लावा, म्हणजे तो उताणा होणार नाही. हाक मारून, हलवून, चिमटा काढूनही डोळे उघडत नाही. मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास घेतोय किंवा दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांहून जास्त वेळ जातोय. ओठ-नखं निळसर, अंग गार. किंवा फिट आली. यातलं एक जरी दिसलं तरी १०८ लावायचा. सगळी लक्षणं जुळायची वाट बघत बसायचं नाही. आणि काय काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगायचं. झोपेच्या गोळ्या, खोकल्याचं औषध, जे असेल ते, रिकाम्या पाकिटासकट. दारूवर झोपेची गोळी घेतली की श्वास बंद पडू शकतो.

पोलिसांची भीती घालणारा एखादा दीडशहाणा प्रत्येक खोलीत असतो. त्याला सांग, आधी उपचार, कागद नंतर, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगून ठेवलंय. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद होतेही कधी कधी. हवालदार येतात, नाव-गाव लिहून घेतात, आमच्याकडचा चहा पितात आणि जातात.

आता दुसरं. हे लिहायला मला सोळा वर्षं लागली.

सुनीलमामा काविळीने गेला असं तुला सांगितलंय. कावीळ झाली होती, ते खोटं नाही. पण ती दारूने यकृत गेल्याची होती. २००९ साल, तू चार वर्षांचा. तुला त्याचा खांदा आठवतो, पालीच्या जत्रेत त्यावर बसून भंडारा उधळलेला. मला न्हाणीतली बादली आठवते. रक्ताची उलटी झाली आणि आजी ती बादली पदराने झाकून उभी राहिली, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून.

दादा, म्हणजे तुझा हा मामा, डिप्लोमाला हॉस्टेलवर गेला तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा असेल. सुट्टीत घरी आला की सांगायचा, "काल रात्री उशिरापर्यंत बसलो होतो सगळे." आजीला वाटायचं, पोरं अभ्यासाला बसतात. त्याला तूप जास्त वाढायची. त्याच्या खोलीत चौघे होते, चौघांनी एकाच रात्री पहिला ग्लास घेतला, हे त्यानेच मला पुढे सांगितलं. तिघांचं काही बिघडलं नाही, चांगल्या नोकऱ्या करून संसाराला लागले. दादाला मात्र दुसऱ्या वर्षापासून सकाळी उताऱ्यालाही दारूच लागायला लागली. चौघांतल्या कुणाचं असं होणार, ते पहिल्या रात्री कुणालाच दिसत नाही. एवढं मात्र माहीत आहे की यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा धरतात. बाबांकडून तुझ्याकडे मधुमेह येऊ शकतो हे आपण जेवताना उघड बोलतो. माझ्याकडून काय येऊ शकतं, ते मी तुझ्यापासून लपवलं.

'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतींवर असतात ना, तसल्या पत्त्यावरून आजीने पुड्या मागवल्या आणि आमटीत घातल्या. त्यात काय होतं देव जाणे. दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम म्हणून गोळी असते, पण ती डॉक्टर पेशंटला सांगून, त्याच्या राजीखुशीने देतात, कारण तिच्यावर दारू घेतली तर रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो. मग पंढरपूरला नेऊन त्याच्या गळ्यात माळ घातली. माळ बावीस दिवस टिकली. शेवटी आजोबांनी त्याला मागच्या खोलीत कोंडून बाहेरून कडी लावली. हे १९९८ चं.

पहिल्या दिवशी हात थरथरत होते. दुसऱ्या रात्री फिट आली. तिसऱ्या दिवशी तो भिंतीवरच्या मुंग्या झटकायला लागला. मला म्हणाला, "छबे, गुळाचा डबा वर ठेव, लागतील त्याला." भिंतीवर एकही मुंगी नव्हती. घरात देवऋषी आला, लिंबं उतरवली. मी तेव्हा नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. दारूची सवय पडलेल्या शरीराची दारू एकदम तोडली की दोन-चार दिवसांत असं होऊ शकतं, त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, औषध नाही मिळालं तर माणूस दगावतो, हे सगळं मी परीक्षेत लिहून आले होते. सात मार्कांचा प्रश्न होता. आणि स्वतःच्या घरात मला ते ओळखता आलं नाही. तो वाचला ते गावातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांमुळे. म्हणून तुमच्यात कुणाचे हात सकाळी घेतल्याशिवाय थांबत नसतील, तर त्याला शपथा घालू नका, कोंडू नका, डॉक्टरकडे न्या.

दादाला मुक्तांगणला न्यावं, असं मी पुढच्या वर्षी घरात म्हटलं. तुझ्या पुण्यातलंच ते, येरवड्याला. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पुलं आणि सुनीताबाईंच्या मदतीने १९८६ मध्ये सुरू केलेलं. आजोबा म्हणाले, "पोरीचं लगीन व्हायचंय, ते होऊ दे, मग बघू." पोरगी म्हणजे मी. लग्न झालं, मग बाळंतपण झालं, मग आजोबा गेले. दरवेळी काहीतरी असायचंच, आणि खरं सांगायचं तर दरवेळी मलाही आतून बरं वाटायचं की चला, तूर्त टळलं.

एम्सच्या तज्ज्ञांनी केंद्र सरकारसाठी केलेल्या देशभरच्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे फक्त एकाला कसले ना कसले उपचार मिळाले होते. आमच्या ट्रेनिंगमध्ये हा आकडा पडद्यावर आला तेव्हा जेवणाची वेळ झाली होती, सगळ्यांचं लक्ष दाराकडे. मी उरलेली सदतीस घरं डोळ्यापुढे आणत बसले. त्यातल्या एकाची न्हाणी मला पाठ होती.

बाकीचं भराभर सांगते. दिवाळीत तुझ्या जीन्सच्या खिशात गोगोचं, म्हणजे गांजा ओढायच्या कागदाचं, पाकीट होतं. मला ते मशीन थांबल्यावर कळलं. बाबांच्या पांढऱ्या शर्टाला कागदाचे कण लागले होते, मी म्हटलं टिश्यू राहिला असेल. मित्राचं असेल, नसेल, असो. गांजा शंकराचा प्रसाद म्हणून कुणी पुढे केला तर एवढं लक्षात ठेव, की तो ओढून घाबरेघुबरे झालेले, कुणीतरी मागावर आहे म्हणून कॉटखाली लपणारे तुझ्या वयाचे मुलगे मी पाहिलेत. एक किलोपर्यंतच्या गांजालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. आणि एमडी, म्हणजे मेफेड्रोन नावाचं नशेचं ड्रग, ज्याला पोरं म्हणे म्याव म्याव म्हणतात, ते सबमिशनच्या रात्री जागायला म्हणून सुरू होतं आणि मग झोप यावी म्हणून दारू लागते. २०२४ मध्ये कुरकुंभच्या कारखान्यात शेकडो किलो सापडलं ते हेच. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला आणि उपचार पुरे केले, तर नुसत्या सेवनासाठी त्याच्यावर खटला चालवायचा नाही, अशी सोय अमली पदार्थांच्या त्याच १९८५ च्या कायद्यात आहे, कलम ६४-अ. हे फारसं कुणाला माहीत नसतं. दारूचंही वय कायद्याने ठरलेलं आहे, आपल्याकडे बिअर-वाईनला २१ आणि बाकीच्या दारूला २५. तुमच्या वर्गात कितीजण बसतात त्यात? आणि सिनिअर ज्युनिअरला जबरदस्तीने पाजत असतील तर ते रॅगिंगच, त्याला वेगळा कायदा आहे. तू आता सिनिअर झालास म्हणून लिहिते.

ग्लास पुढे आला आणि नको म्हणणं जड गेलं, तर सांग मेट्रोजिल चालू आहे. पोट बिघडलं की देतात ती गोळी. तिच्यावर दारू घेऊ नये हे टपरीवाल्यालाही ठाऊक असतं, पुढे कुणी आग्रह करत नाही. एवढं एक खोटं बोलायला आईची परवानगी आहे. महिन्यातून चारदा मात्र पोट बिघडवू नकोस.

कुणाला बोलायचं असेल आणि माझ्याशी नको असेल, तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी नंबर आहे, आणि नुसतंच मन ठिकाणावर नसेल तर १४४१६. दोन्ही फुकट. भिंतीवर लिहून ठेव, क्रिकेटरच्या पोस्टरशेजारी जागा आहे.

मी चिडणार नाही असं वचन देत नाही. चिडेन. पण आधी येईन, मग चिडेन. रात्री कितीही वाजता स्वारगेटला यायला गाडी मिळते, मी स्टँडवर चौकशी करून आलेय.

तुझ्या त्या पार्टनरला, जो फोनवर मागे हसला, त्याला चिवडा दे. तो बारीक झालाय असं तू गणपतीत म्हणाला होतास. सकाळी चहाचा कप कसा धरतो, ते एकदा बघ.

डबा परत आणताना झाकण विसरू नकोस, मागचं अजून यायचंय. माझी मंगळवारपर्यंत रात्रपाळी आहे. फोन एप्रनच्या खिशात असतो, व्हायब्रेटवर.

तुझी,
आई

ता. क. बाबांनी हे पत्र वाचलेलं नाही. त्यांच्या लेखी तो अजून टिश्यूच आहे.