बेळगावच्या हवेसाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेळगाव महापालिकेच्या आगामी अर्थसंकल्पात शहराच्या हवेसाठी स्वतंत्र तरतूद असावी, ही मागणी आपल्या पत्रातून लोकप्रतिनिधी व प्रशासन यांच्यापुढे मांडू इच्छितो.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात देशातील सुमारे १३० शहरे आहेत. उत्तरेकडील कोल्हापूर व सांगली त्यात आहेत, दक्षिणेकडील हुबळी-धारवाडही आहे. मधले बेळगाव मात्र नाही. त्यामुळे येथील हवा उत्तम असल्याचा सोयीस्कर समज रूढ झाला आहे. वास्तविक, शहरांची ही निवड प्रामुख्याने अनेक वर्षांच्या वार्षिक सरासरीवरून झाली, आणि बेळगावात जून ते सप्टेंबरपर्यंत कोसळणारा पाऊस हवेतील धूळ धुऊन काढून ती सरासरी खाली ओढतो. डिसेंबर-जानेवारीत, थंडीमुळे धूर आणि धुरळा जमिनीलगत कोंडून राहतो तेव्हा, खानापूर रोडवरून कामाला जाणारा माणूस वार्षिक सरासरी श्वासात घेत नसतो. पीएम १० या सूक्ष्म धूलिकणांसाठी वार्षिक मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आणि चोवीस तासांसाठी १०० मायक्रोग्रॅम अशी दोन वेगळी मानके ठेवली आहेत, ती याचसाठी. महापालिकेने हिवाळ्याचे आकडे स्वतंत्रपणे पाहावेत.

ते पाहायचे तर मोजमाप हवे. रामतीर्थनगरच्या मापन केंद्रावरून शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीची किंवा शहापूर-वडगावच्या अरुंद गल्ल्यांची हवा कळणार नाही. सर्व ५८ प्रभागांत महागडी यंत्रे बसवा, असे कोणी म्हणणार नाही. कमी खर्चाचे सेन्सर निवडक शाळांवर बसवता येतात. मात्र ते आधी काही आठवडे अधिकृत केंद्राशेजारी ठेवून पडताळून घ्यावे लागतात, कारण दमट हवेत ते धूळ वाढवून दाखवतात. ही पडताळणी व त्यापुढचा प्रदूषणाच्या स्रोतांचा अभ्यास विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आणि शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालये करू शकतील. विद्यापीठाचे मुख्यालयच बेळगावात असताना सल्लागारासाठी बेंगळूरकडे पाहण्याची गरज नाही.

स्रोतांपैकी रस्त्यावरची धूळ बहुतांशी महापालिकेच्या हातात आहे. जलवाहिनी, गॅसवाहिनी, गटार, केबल यांसाठी एकच रस्ता पुन्हा पुन्हा खोदला जातो, चर मातीने बुजवला जातो आणि मग महिनोन्महिने वाहनांच्या चाकांखाली तीच माती उडत राहते. रस्ता पूर्ववत करून त्याची तपासणी होईपर्यंत ठेकेदाराची अनामत परत न देणे, एवढे जरी कसोशीने पाळले तरी फरक पडेल. टँकरने पाणी मारणे हा उन्हाळ्यात तासा-दोन तासांचा उपाय आहे. रस्त्याच्या कडेच्या उघड्या साइडपट्ट्या पक्क्या करणे आणि मोठ्या रस्त्यांवर धूळ शोषून घेणारे झाडलोट यंत्र वापरणे अधिक टिकाऊ ठरेल. आज कोरड्या झाडूने उडवलेली धूळ सर्वांत आधी पौरकार्मिकांच्याच, म्हणजे सफाई कामगारांच्याच छातीत जाते. झाडून गोळा केलेला पालापाचोळा प्लॅस्टिकसह कोपऱ्यात पेटवून देण्याची सवयही मोडायला हवी. पानगळीच्या दिवसांत तो उचलायला वेगळी गाडी नसेल, तर नुसत्या दंडाच्या पाट्यांचा उपयोग होणार नाही.

उद्यमबाग आणि मच्छे येथील फौंड्री (धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या) उद्योगावर हजारो घरे चालतात, त्यामुळे त्यांना सरसकट खलनायक ठरवणे मला पटत नाही. कोकवरची क्युपोला भट्टी आणि विजेवरची इंडक्शन भट्टी यांच्या धुरात मोठा फरक असतो, आणि लहान कारखानदाराला भट्टी बदलण्यासाठी कर्ज व मुदत मिळायला हवी. १९८१ च्या वायुप्रदूषण प्रतिबंधक कायद्यानुसार कारखान्यांवरील अधिकार राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे आहेत, रहदारीचे नियंत्रण पोलिसांकडे आहे, आणि तालुक्यातील वीटभट्ट्या व उसाचे पाचट जाळणारी शेते महापालिकेच्या हद्दीबाहेर आहेत. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली या सर्वांची एकत्र बैठक हिवाळ्यापूर्वी व्हावी. तीत निपाणी, चिकोडी, संकेश्वर यांसारख्या नगरपालिकांनाही बोलवावे. गळीत हंगामातील ऊसवाहतूक आणि तंबाखूची धूळ हे त्यांचे वेगळे प्रश्न आहेत.

मोजमापाचे आकडे दररोज प्रभाग कार्यालयाबाहेर कन्नडबरोबर मराठीतही लावावेत. दम्याचा त्रास असलेल्या वडगावातील वृद्धेला आज सकाळी फिरायला जावे की नाही, हे ठरवायचे असेल, तर ती सूचना तिला वाचता आली पाहिजे. भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांचा वाद बाजूला ठेवला, तरी आरोग्याच्या सूचनेबाबत एवढी अपेक्षा रास्त आहे.

अर्थसंकल्पात पहिल्या वर्षी सेन्सर, एक झाडलोट यंत्र आणि पालापाचोळ्याची गाडी एवढ्याच बाबींसाठी रक्कम राखून ठेवावी, आणि तिच्या खर्चाचा हिशेब सर्वसाधारण सभेत दर तिमाहीस मांडावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक,
शहापूर, बेळगाव