खुले पत्र : आमच्या बायका उसाच्या फडात असताना तुमची परीक्षा होते

मा. केंद्रीय शिक्षणमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी जालना जिल्ह्यातली प्रेरिका. साक्षर भारत या केंद्राच्या प्रौढ साक्षरता योजनेत महिना २००० रुपये मानधनावर गावचं लोकशिक्षण केंद्र चालवत होते. ३१ मार्च २०१८ ला योजना बंद झाली. माझं थकलेलं मानधन आजवर मिळालेलं नाही. आणि परवा शाळेतून निरोप आला : नवी साक्षरता योजना ‘उल्लास’, तिच्या ॲपवर स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवा, असाक्षर शोधा, शिकवा. मानधन नाही, प्रमाणपत्र मिळेल.

प्रमाणपत्रं आहेत माझ्याकडे. त्यावर दुकानदार किराणा देत नाही. मानधन थकायचं तेव्हा मी लोकांच्या रानात कापूस वेचायला जायचे आणि दिवसभर ज्यांच्या ओळीत वेचलं, त्याच बायकांना रात्री बाराखडी शिकवायचे. शाळेची किल्ली मिळाली नाही की मारुतीच्या पारावर बसायचो. घरचे म्हणायचे, सरकारची फुकट हमाली कशाला करतेस? तेव्हा मी त्यांच्याशी भांडायचे. आता कोणत्या तोंडानं भांडू?

उल्लासमध्ये शिकलेल्यांची तुमची परीक्षा आपल्या राज्यात १७ मार्च २०२४ ला झाली, मग २३ मार्च २०२५ ला. साहेब, मार्चमध्ये आमच्याकडचे ऊसतोड कामगार कारखान्यांवर असतात. दिवाळीच्या आसपास गेलेली जोडपी कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावरच परततात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटल्याशिवाय त्यांना फड सोडता येत नाही. ज्या बाईला उचलीचा हिशेब स्वतः वाचता यावा म्हणून मी शिकवलं, तीच परीक्षेला गैरहजर. दिल्लीत किंवा पुण्यातल्या शिक्षण खात्यात एकालाही हे ठाऊक नव्हतं?

पैशांचं बघा. उल्लाससाठी २०२२ ते २०२७ ला १०३७.९० कोटी रुपये आणि लक्ष्य ५ कोटी माणसं. पाच वर्षांत माणशी जेमतेम २०८ रुपये. २०११ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरचे २५.७६ कोटी निरक्षर होते, त्यातल्या १६.६८ कोटी बायका. बायकांचं काम म्हणूनच ते फुकटात उरकायचं ठरलं, असं मला वाटतं, आणि हे मी रागानं लिहिते आहे.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात प्रौढांसाठी शिक्षण केंद्रं, प्रशिक्षित शिक्षक, वाचनालयं, व्यवसायकौशल्यं, सगळं लिहिलंय. आमच्या गावात त्यातलं उल्लासची १५० गुणांची परीक्षा तेवढी पोचली. १९७८, १९८८, २००९, २०२२ ला साक्षरतेच्या योजना आल्या : दर वेळी नवं नाव, नवा लोगो, आणि आधीची माणसं घरी. त्यांनी उभे केलेले वर्ग मोडतात, नवसाक्षर बाई चार वर्षांत अक्षरं विसरते, आणि पुढच्या योजनेच्या यादीत पुन्हा असाक्षर म्हणून तिचंच नाव येतं. मग राज्यांना पूर्ण साक्षर जाहीर करायचे समारंभ. त्यासाठी ९५ टक्के माणसं साक्षर असली की पुरतं म्हणे. उरलेले पाच टक्के कोण, ते आमच्या तांड्यावर येऊन बघा.

प्रेरकांची थकबाकी द्या. दर ग्रामपंचायतीला पगारी माणूस द्या. ऊसतोडीच्या तालुक्यांत परीक्षा मे महिन्यात घ्या आणि साखर कारखान्यांच्या तळांवर वर्ग सुरू करा. तोवर त्या ॲपवर मी नाव नोंदवणार नाही.

आपली,
साक्षर भारतची एक प्रेरिका, जि. जालना